मुलाच्या दुखण्यावरून आईबापाचं पाप मोजू नका

"ज्या घरात मूल रक्ताचा आजार घेऊन जन्मतं, त्या घराच्या तीन-चार पिढ्यांत कुठेतरी लपवलेलं पाप असतं." अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या नागपुरातल्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये फिरतोय. मार्टिननगर, मोहननगर, गड्डीगोदाम, कुठल्याही भागातल्या प्रार्थना ग्रुपवर बघा, कुणीतरी तो टाकलेला असतो आणि त्याखाली 'आमेन'ची रांग लागलेली असते. प्रत्येक मुद्द्यापुढे वचनाचा आकडा दिलाय, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, शास्त्राला धरूनच आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मुलाचा जन्मजात आजार म्हणजे आईवडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या पापाचा शाप. ख्रिस्तावर विश्वास ठेवला की पापाची क्षमा होते, पण शाप मात्र वेगळा तोडावा लागतो. त्यासाठी आईबापांनी आपल्या पापांची यादी करायची, ती सभेत सगळ्यांसमोर वाचायची, २१ दिवस उपास करायचा आणि तेवढे दिवस गोळ्या-औषधं बाजूला ठेवायची, कारण गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास. शिवाय 'शापमुक्तीचं अर्पण' द्यायचं. एवढं करून मूल बरं झालं नाही, तर समजायचं की विश्वास कमी पडला. आणि जाता जाता एक आरोप: 'देव प्रीती आहे' एवढंच सांगणाऱ्या मंडळ्या, म्हणजे चर्च, पापावर पांघरूण घालतात.

हा मेसेज माझ्या धाकट्या बहिणीच्या फोनवर आला. तिच्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे त्याचं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही आलेलं. मी तिच्याकडे गेले तेव्हा तिनं भाच्याच्या गणिताच्या वहीतलं चौकटीचं पान फाडून त्यावर यादी केलेली होती. सासूला उलटून बोलले. लग्नाआधी आईशी खोटं बोलले. शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेले. पोटुशी असताना उपासना चुकवली. पान दोन्ही बाजूंनी भरलेलं. हायड्रॉक्सीयुरियाची, म्हणजे त्याच्या सिकलसेलच्या गोळ्यांची, पट्टी तांदळाच्या डब्यामागे सरकवलेली, नवऱ्याला दिसू नये म्हणून. "ताई, आठवून आठवून लिवलं मी. अजून काही राहून गेलं असन का?" तिनं मला विचारलं.

मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवी घेतलेली नाही. शब्बाथ शाळेत मुलांना शिकवते. पण पवित्र शास्त्र उघडून पुढचं-मागचं वाचता येतं मला, आणि हा मेसेज लिहिणाऱ्यानं ते वाचलेलं नाही, किंवा वाचून दडवलंय. दुसरी शक्यता जास्त वाईट आहे.

सगळी इमारत उभी आहे निर्गम २०:५ वर. बापांच्या अन्यायाबद्दल मुलांना तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन करणारा देव. वचन आहे, मी नाकारत नाही. पण मेसेज जिथं थांबतो तिथं वाक्य थांबत नाही. त्याच वाक्यात पुढे, सहाव्या वचनात, देव म्हणतो की जे माझ्यावर प्रीती करतात त्यांच्या हजारो पिढ्यांवर मी दया करतो. तीन-चार एका बाजूला आणि हजारो दुसऱ्या बाजूला. देवाचं शासन कुठं संपतं आणि दया कुठवर जाते, हे सांगण्यासाठी ते वाक्य आहे. त्यातला पहिला तुकडा कापून आजारी पोराच्या आईला पाठवायचा आणि दुसरा खिशात ठेवायचा, याला शास्त्र शिकवणं म्हणत नाहीत. शिवाय तिथं बोलणं चाललंय मूर्तिपूजेबद्दल, आणि शासन सांगितलंय देवाचा द्वेष करणाऱ्यांना. रोज सकाळ-संध्याकाळ पोराच्या उशाशी बसून प्रार्थना करणारी बाई देवाचा द्वेष करणारी कधीपासून झाली?

आणि लोकांनी या वचनाचा असा अर्थ लावू नये म्हणून शास्त्रानंच तजवीज करून ठेवलीये. अनुवाद २४:१६ मध्ये मोशे स्पष्ट सांगतो की मुलांच्या गुन्ह्यासाठी बापाला आणि बापाच्या गुन्ह्यासाठी मुलांना देहदंड द्यायचा नाही, ज्याचं पाप त्यानं भोगायचं. पुढे बाबेलच्या बंदिवासात लोक म्हणू लागले, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. यहेज्केलचा अख्खा अठरावा अध्याय या म्हणीला उत्तर म्हणून आहे. ही म्हण इस्राएलात पुन्हा उच्चारायची नाही, असं देव तिथं शपथ वाहून सांगतो. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. यिर्मयानंही ३१व्या अध्यायात हेच लिहिलं. म्हणजे देवानं जी म्हण बंद केली, ती हा मेसेज अडीच हजार वर्षांनी नव्यानं सुरू करतोय, आणि तीही देवाच्याच नावानं.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक अध्याय पुरेसा आहे. योहान ९. मेसेजमध्ये तो कुठंच नाही, आणि तो नसण्याचं कारण वाचल्यावर लगेच कळतं.

जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस रस्त्याच्या कडेला भीक मागत बसलाय. शिष्य येशूला विचारतात, गुरुजी, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं, म्हणून हा आंधळा जन्मला? मेसेज ज्या प्रश्नावर उभा आहे तोच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत, खुद्द प्रभूला विचारला गेलाय. आणि प्रभूनं उत्तर दिलंय: यानंही पाप केलेलं नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत म्हणून. पुढच्याच वचनात तो म्हणतो की दिवस आहे तोवर आपण काम केलं पाहिजे. मग जमिनीवर थुंकून चिखल करतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. शिष्यांना दोषी कोण हे हवं होतं. येशूनं ती चौकशी तिथंच बंद केली आणि हात चिखलात घातले.

ज्याला वाटतं की 'देवाची कार्यं दिसावीत म्हणून' याचा अर्थ देवानं एक लेकरू चमत्कार दाखवण्यापुरतं आंधळं केलं, त्यानं याच अध्यायाचा पुढचा भाग सावकाश वाचावा. तो माणूस तिथं दाखवायची वस्तू नाही. अख्ख्या अध्यायात सगळ्यात ठणकावून बोलणारा तोच आहे. परूशी, म्हणजे त्या काळचे कडवे धर्मपुढारी, त्याला पुन्हा पुन्हा उलटतपासणीला बोलावतात, आणि तो म्हणतो, मला एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं.

त्याचे आईबाप मात्र घाबरलेले आहेत. हे बाविसावं वचन मी शब्बाथ शाळेत शिकवताना नेहमी थांबून वाचते. त्यांना बोलावून विचारलं जातं, आणि ते म्हणतात, तो वयात आलाय, त्यालाच विचारा. का? कारण सभास्थानातून बाहेर काढतील ही धास्ती. धार्मिक लोकांच्या घोळक्यात आजारी लेकराच्या आईबापांची जी अवस्था होते ती योहानानं एका ओळीत लिहून ठेवलीये. माझ्या बहिणीनं गोळ्या डब्यामागे लपवल्या आणि यादी मात्र करत बसली, त्यामागे हीच धास्ती आहे. सभेत उभं करतील, नाव घेतील, पोराकडे बोट दाखवतील.

आणि मग चौतिसावं वचन. परूशी त्या माणसाला म्हणतात, तू तर सगळा पापातच जन्मलास आणि तू आम्हाला शिकवतोस? आणि त्याला हाकलून देतात. म्हणजे 'तुझं जन्मजात दुखणं हीच तुझ्या पापाची खूण' हे वाक्य योहानाच्या शुभवर्तमानात आहे खरं, पण ते येशूच्या तोंडी नाही. ते येशूला विरोध करणाऱ्यांच्या तोंडी आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं कोणाची बाजू घेतलीये ते त्यानंच बघावं. येशू काय करतो? त्याला बाहेर काढल्याचं ऐकून तो त्याला शोधत जातो.

आता सिकलसेलबद्दल. हा आजार आईबापांकडून येतो, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकं तेवढंच ऐकलंय. दोघंही एएस पॅटर्नचे असतील, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. दोघांनाही स्वतःला बहुतेक वेळा कसलाच त्रास नसतो, त्यामुळे तपासणी केल्याशिवाय कळतही नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, एसएस असणाऱ्यांच्या १० ते २० दिवसांतच संपतात, आणि विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की क्रायसिस, म्हणजे असह्य वेदनांचा झटका, येतो. आपल्याकडे थंडीच्या रात्री आणि मेच्या उन्हात पाणी कमी पडलं की हे हटकून होतं. भाच्याला येतो तेव्हा तो रडतसुद्धा नाही, गुडघा दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे तोंड करून पडतो आणि पायावर चादरही टेकू देत नाही.

हा जनुक टिकला कसा, तेही ऐका. मलेरियाच्या मुलखात ज्या मुलांकडे एक एस जनुक होता ती मुलं जीवघेण्या मलेरियातून जास्त वाचली. म्हणून आफ्रिकेत, अरबस्तानात आणि आपल्या मध्य भारतात तो आढळतो. मेसेज ज्याला पूर्वजांचा शाप म्हणतोय त्यानं आपल्या पूर्वजांची लेकरं जगवली आहेत. मलेरियाचे डास चावताना कोण पापी आणि कोण पुण्यवान असा निवाडा झालेला नाही.

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो, तो का ते सांगते. विदर्भात सिकलसेल अनेक समाजांत आहे, पण एकेकाळी अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवलेल्या समाजांत आणि आदिवासींत त्याचं प्रमाण जास्त आहे. आपल्या मंडळ्यांतली कितीतरी घरं याच समाजांतून आलेली. 'तुमच्या रक्तातच पिढ्यांचं पाप आहे' हे वाक्य या घरांनी आधी कधी ऐकलं नसेल असं वाटतं का? शतकानुशतकं ऐकलंय. तुमचा जन्म, तुमची दशा, तुमचं दुखणं ही मागच्या कर्मांची फळं, भोगा. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात, दीक्षाभूमीवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखो लोकांनी ती शिकवण फेकून दिली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्याच्याही आधी ख्रिस्ताकडे येऊन ती फेकली, त्यांच्या नातवंडांच्या घरात ती मागच्या दारानं परत आणायची? मागच्या जन्माच्या जागी मागची पिढी घातली, एवढाच काय तो फरक. ख्रिस्ताच्या नावावर हे खपवणं मला सहन होत नाही.

आता जे खरं आहे ते मान्य करते, नाइलाजानं का होईना. मेसेज म्हणतो पापाला परिणाम असतात. असतात. 'पापाचे वेतन मरण आहे' हे पौलानं रोमकरांस लिहिलंय आणि माणूस जे पेरतो त्याचीच कापणी करतो हेही त्यानंच गलतीकरांस लिहिलंय. ज्या घरात बाप पगार दारूच्या दुकानात ठेवून येतो त्या घरातल्या पोरांची फी थकते, हा बापाच्या पापाचा परिणाम पोरांवर झालाच ना? झाला. खोटं बोलून मोडलेलं नातं क्षमा मागितल्यावरही वर्षानुवर्षं लंगडतं. मृत्यू आणि दुखणं या पतन पावलेल्या जगात पापाबरोबर आलं, सगळी सृष्टी कण्हत आहे, असं ख्रिस्ती शिकवण सांगते आणि मीही ते मानते. काही मंडळ्या पापाबद्दल बोलायलाच कचरतात, हेही खोटं नाही.

पण 'जगात दुखणं आहे कारण जग मोडलेलं आहे' इथून 'या पोराला दुखणं आहे कारण या बाईनं अमुक केलं' इथं उडी मारायचा परवाना कोणालाही दिलेला नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हा येशूनं विचारलं, ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. मग विचारणाऱ्यांकडे वळून म्हणाला, तुम्ही पश्चात्ताप करा. दुसऱ्याच्या संकटाकडे बघून पश्चात्ताप कोणी करायचा, तर बघणाऱ्यानं.

योहान ५:१४ माझ्यापुढे टाकलं जाईल, ठाऊक आहे. बेथेस्दाच्या तळ्याशी बरा केलेल्या माणसाला येशू म्हणाला, यापुढे पाप करू नको, नाहीतर याहून वाईट होईल. म्हणाला. त्या माणसाला म्हणाला, एकट्याला गाठून, बरं केल्यानंतर, आणि म्हणणारा माणसाचं मन ओळखणारा होता. फॉरवर्ड करणाऱ्याला ती ओळख कुठून आली?

दाविदाचं उदाहरण मेसेजमध्ये ठळक अक्षरांत आहे, कारण तिथं बाळ खरोखर मरतं. २ शमुवेल १२. ही गोष्ट मला जड जाते आणि ती सोपी करून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण जे लिहिलंय ते पूर्ण वाचू. नाथान संदेष्टा एका राजाकडे जातो, ज्यानं दुसऱ्याची बायको घेतली आणि तिचा नवरा लढाईत मारवला. अधिकार वापरून खून करणाऱ्याच्या तोंडावर बोलायची हिंमत तो करतो. त्या बायकोला, बथशेबाला, तो एक शब्द बोलत नाही. मेसेज नेमका उलटा चालतो, राजाला सोडतो आणि आईला धरतो. आणि दाविदानं उपास केला की नाही? केला, जमिनीवर पडून राहिला, अन्नाला शिवला नाही, आणि सातव्या दिवशी बाळ गेलं. म्हणजे उपासानं शाप तुटतो या सूत्राला त्यांनी स्वतः दिलेलं उदाहरणच टिकू देत नाही. एका राजाच्या बाबतीत संदेष्ट्याला जे सांगितलं गेलं त्याचा नियम करून घरोघरी वाटायचा नसतो. तसं करू नये म्हणूनच तर यहेज्केलचा अठरावा अध्याय आहे.

औषधांचा मुद्दा. इथं मी शांतपणे लिहू शकत नाही, कारण या एका ओळीनं लेकरं मरू शकतात. हायड्रॉक्सीयुरियानं रक्तातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं, पेशी कमी वाकतात, क्रायसिस कमी येतात. गोळी बंद केली की तो आधार हळूहळू जातो आणि दुखणं परत फिरतं. लहान वयात या मुलांची पानथरी नीट काम करत नाही, त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. २१ दिवस औषध बंद करा असं सांगणाऱ्यानं यातलं काय वाचलंय?

आणि शास्त्रात औषध म्हणजे अविश्वास कुठं लिहिलंय? हिज्कीयाच्या गळवावर यशयानं अंजिराचा लेप लावायला सांगितला. शोमरोनी माणसानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या. पौलानं तीमथ्याला वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलं. त्याच पौलाबरोबर फिरणारा, शुभवर्तमान लिहिणारा लूक, 'प्रिय वैद्य' होता. दुखणाइतांना वैद्याची गरज असते, असं प्रभू स्वतः म्हणाला. नागपूरच्या ख्रिस्ती माणसाला तर हे शिकवायची गरजच पडू नये. सीताबर्डीचं म्यूर मेमोरियल स्कॉटिश मिशननं उभं केलं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आयडा स्कडर या ख्रिस्ती डॉक्टरीणबाईनं १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यातून सुरू केलं. गोळी म्हणजे अविश्वास असेल तर या सगळ्यांनी आयुष्यं कशासाठी खर्च केली? इथल्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यांच्या वॉर्डात मध्यरात्री सलाइन लावणाऱ्या कितीतरी सिस्टर रविवारी आपल्याच बाकावर शेजारी बसतात. त्यांना विचारा जरा.

आता त्या वाक्याकडे येते, जे वरवर सात्त्विक वाटतं आणि मुळावर घाव घालतं: 'वधस्तंभानं पाप मिटतं, शाप वेगळा तोडावा लागतो.' गलतीकरांस ३:१३ वाचा. ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला आणि त्यानं आपल्याला नियमशास्त्राच्या शापातून सोडवलं. 'शाप' हाच विषय आहे तिथं. वधस्तंभावर तो 'पूर्ण झाले आहे' म्हणाला. थोडा शाप उरलाय, तो नंतर सभेत तोडून घ्या, असं म्हणाला नाही. ज्याला अजून काही तोडायचं बाकी वाटतं, त्याच्या मते ख्रिस्ताचं मरण अपुरं पडलं. हे त्यानं स्पष्ट बोलून दाखवावं, म्हणजे निदान कळेल तरी की आपण कोणाचं ऐकतोय.

आणि हे सोडवणं आलं कुठून? आपली यादी पूर्ण झाली म्हणून नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असं रोमकरांस ५:८ सांगतं. उधळ्या पुत्रानं घरी येताना क्षमेचं भाषण पाठ केलं होतं, ते बापानं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. तो दूर असतानाच धावत गेला. लोकांना फसवणारा जकातदार जक्कय झाडावर होता तेव्हा येशू म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. घरी गेल्यावर जक्कय उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. प्रीती आधी आली, पश्चात्ताप तिच्या मागोमाग, आणि नुकसानभरपाई त्यानंतर. मेसेजनं हा क्रम उलटा लावलाय: आधी यादी, मग शरम, मग पैसे, आणि जमलं तर देवाची प्रीती. 'देव प्रीती आहे' म्हणणं म्हणजे पाप झाकणं, हा त्याचा आरोप इथंच पडतो. जक्कयाचं पाप झाकलं गेलं नाही, त्याच्या तिजोरीपर्यंत पोचलं. पण कोणी त्याला घाबरवून ते केलेलं नाही. योहानानं पहिल्या पत्रात लिहिलंय, पूर्ण प्रीती भीती घालवून देते, कारण भीतीत शासन असतं. जी शिकवण आईला घाबरवून गोळ्या लपवायला लावते ती प्रीतीकडून आलेली नाही, हे ओळखायला आणखी कुठला पुरावा लागतो?

उरलेले मुद्दे चटकन. पापाची कबुली द्यावी का? जरूर. याकोब म्हणतो एकमेकांजवळ द्या. एकमेकांजवळ, म्हणजे माईक धरून बसलेल्यानंही द्यायची. एकट्या आईला उभं करून बाकीच्यांनी बघत राहणं त्यात बसत नाही. त्याच परिच्छेदात आजाऱ्यासाठी वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी असंही आहे, आणि तिथंही आजाऱ्यानं पाप केलंच असणार असं याकोब धरून चालत नाही. प्रार्थना करा, घरी येऊन करा, पोराच्या डोक्यावर हात ठेवून करा. गोळीची वेळ झाली की गोळी द्या.

अर्पणाबद्दल प्रेषितांची कृत्ये ८:२०. शिमोनानं देवाचं दान पैशानं विकत घ्यायला बघितलं, तेव्हा पेत्र त्याला काय म्हणाला ते वाचून मगच हात खिशात घाला.

बरं झालं नाही म्हणजे विश्वास कमी, हा मुद्दा पौलाला लावून बघा. शरीरातला काटा जावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली, तो गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरे' असं उत्तर आलं. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, त्यानं मिलेतात आजारी असतानाच सोडलं. पौलाचाही विश्वास कमी पडला का?

आणि ईयोब. त्याची दहा लेकरं एका दिवसात गेली, आणि आठव्या अध्यायात त्याला भेटायला आलेल्या मित्रांपैकी बिल्दद त्या बापाला तोंडावर सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून देवानं त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केलं. शेवटच्या अध्यायात देवाचा राग कोणावर पेटतो? ईयोबावर नाही, या मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, असं देव त्यांना सुनावतो, आणि ईयोबाकडून स्वतःसाठी प्रार्थना करवून घ्यायला लावतो. त्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली होती. सुरुवातीचे सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि काही बोलले नाहीत.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यातले बहुतेक वाईट नाहीत, मी त्यांना ओळखते, नाताळात त्यांच्याच घरच्या करंज्या खाते. त्यांना माझी विनंती आहे की जिथं जिथं टाकला तिथून काढून टाका, आणि ज्यांनी वाचला त्यांना 'हे चुकीचं होतं' असं त्याच ग्रुपवर लिहा. मग ज्या घरात असं मूल आहे तिथं जा. एकमेकांची ओझी वाहा, असं गलतीकरांस ६:२ सांगतं, आणि सिकलसेलच्या घरातली ओझी ठरलेली आहेत: रक्ताची बाटली लागली की दाता शोधणं, ओपीडीच्या रांगेत आईऐवजी उभं राहणं, क्रायसिसच्या रात्री धाकट्या भावंडाला आपल्या घरी झोपवणं. लग्नाच्या वयाची मुलंमुली मंडळीत असतील तर त्यांना सिकलसेलची तपासणी करून घ्यायला सांगा. सरकारी दवाखान्यात होते.

आणि ज्या घरात या मेसेजमुळे गोळ्या थांबल्या असतील, त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांना फोन करावा, किती दिवस चुकले ते खरं सांगावं आणि ते म्हणतील तशा पुन्हा सुरू कराव्यात. पोराला पाणी भरपूर द्या. ताप चढला तर सकाळ होण्याची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत न्या.